विमानाच्या टोपीतली हळद

नाशिकहून निघताना आमच्या सामानात दोन बॅगा, वहिनींनी दिलेला लाडवांचा डबा आणि गोणपाटात गुंडाळलेलं विमानाचं नाक होतं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत शेजारच्या बाईंनी गोणपाटाला हात लावून विचारलं, "गणपती का?" मी म्हटलं, "नाही, नाक." त्यांनी पाय आवरून घेतले आणि मांडवा येईपर्यंत समुद्राकडे बघत बसल्या.

खुलासा केलेला बरा. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते; बाई असले तरी ओळखपत्रावर ड्राफ्ट्समनच लिहिलेलं होतं. निवृत्तीनंतर भजनी मंडळ की हास्यक्लब अशी निवड करायची वेळ आली, तेव्हा मी विमान निवडलं. आम्ही काही रिकामटेकडे मिळून एका शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान पुन्हा उभं करतो आहोत. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितलं की लोक सिनेमाबद्दल बोलायला लागतात. एका तंत्रशाळेच्या आवारात चिंचेखाली ते वर्षानुवर्षं पडून होतं आणि त्याच्या पंखाखाली कुत्री व्यायची. इंजिनाचा एक सिलिंडर मुलांना आतलं दिसावं म्हणून कोणीतरी करवतीने उभा कापून ठेवला होता. गंजलेले नट तेलात भिजवून, रोज थोडं थोडं चुचकारून सोडवण्यात दोन पावसाळे गेले. चुचकारून हाच शब्द बरोबर आहे. जोर लावला की बोल्ट मोडतो आणि नट जागच्या जागी हसत राहतो.

हे विमान उडणार का, असं सगळे विचारतात. नाही उडणार. इंजिन सुरू व्हावं आणि पुढचा पंखा फिरावा, एवढीच आमची हौस आहे. तेही जमत आलं होतं आणि टोपीपाशी घोडं अडलं. पंख्याची पाती जिथे एकत्र येतात तिथे पुढे शंकूसारखी अॅल्युमिनियमची टोपी असते. आमच्या विमानाला ती नव्हती आणि तिचं ड्रॉइंगही कुठे मिळेना. जुन्या फोटोंवरून अंदाजाने मी तिचं वळण काढायचं आणि वसंतरावांनी पत्रा ओढून टोपी करायची, असं तीनदा झालं. तिन्ही टोप्या बुडाशी नीट बसेनात, आणि फिरवल्या की झिंगायच्या.

वसंतराव म्हणजे पत्र्याचे कारागीर. त्याच कारखान्यात मी आणि ते तीस वर्षं भांडलो. माणूस हाडाचा स्वच्छ. खिशात कायम एक पांढरं फडकं असतं आणि डाग दिसला की हात आपोआप तिकडे जातो. हॉटेलात आधी टेबल पुसतात, मग वेटरला हाक मारतात. त्यांच्याच भाचीने त्यांना अलिबागकडच्या एका हळदीचा व्हिडिओ दाखवला. नवरदेव पाटावर बसलेला, आणि डोक्यावर मांडवाच्या आढ्याला दोरांनी टांगलेलं एक भांडं. त्याच्या टोकातून हळदीचं पाणी ठिबकतंय. वसंतरावांनी मला व्हिडिओ पाठवला. मी चित्र थांबवून मोठं केलं. भांड्याच्या काठाला तीन खाचा होत्या, पंख्याची तीन पाती बाहेर येण्याइतक्या. मी त्या दिवशी जेवले नाही.

आमच्या शेडचे मुखत्यार अण्णा. त्यांचा नियम असा की मूळ भाग मिळत असेल तर नकली लावायचा नाही. "बदल्यात आपली नवी द्या. चकचकीत आहे, खूश होतील," ते म्हणाले. म्हणून आमची तिसरी, जरा कमी झिंगणारी टोपी गोणपाटात बांधून आम्ही निघालो.

किहीम

किहीमला नारळाच्या वाडीत एका बैठ्या घरात उतरलो. घरमालकीण सुलभाताईंनी खोली उघडून दिली आणि "मालकांना मच्छी चालते ना?" असं मला विचारलं. मी म्हटलं, हे माझे मालक नाहीत, सहकारी आहेत, यांची बायको नाशिकला आहे. सुलभाताईंनी फार समजूतदारपणे मान हलवली आणि पुढे दोन दिवस "मालक" हाच शब्द वापरला. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला खुलासा करत होते. नंतर कंटाळले. वसंतराव मात्र दर वेळी लाजायचे.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे वाल म्हटलं की नाकं मुरडणारी माणसं आहेत. त्यांना एकदा फेब्रुवारीत इथे आणून बसवायला हवं. बिरड्याला जो किंचित कडवटपणा असतो तो तिथल्या नारळाच्या रसात असा काही विरतो की मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वसंतरावांकडे बघणं टाळलं. जेवणानंतर किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांमधून वारा येत होता. एक मचवा फटफट करत चालला होता आणि वसंतराव डोळे मिटून ऐकत होते. "एका सिलिंडरचा इंजेक्टर गेलाय," ते म्हणाले. माणसं समुद्रावर सूर्यास्त बघायला येतात.

चिंचखार

वसंतरावांच्या भाचीने फोनवर गाठून दिलेले दत्तामामा सकाळी टेम्पो घेऊन न्यायला आले. व्हिडिओतला नवरदेव यांचा भाचा. त्याचं लग्न होऊन गेलं होतं, पण आमचं नशीब असं की आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या भाचीची, सायलीची हळद होती आणि टोपी आता तिच्या घरी होती. चिंचखार हा खाडीच्या अंगाला वसलेला आगऱ्यांचा पाडा. एका बाजूला मिठागरं, चौकोनी वाफ्यांत आभाळ भरून ठेवलेलं, आणि दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भातखाचरं. मधल्या बांधावरून टेम्पो जाताना वसंतरावांनी माझी टोपी, म्हणजे आमची टोपी, मांडीवर धरली होती.

अंगणात मांडव घालायचं काम चाललं होतं. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या हिराबाई म्हणजे गावची धवलारीण. इकडे आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी खरं लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांनी. मुहूर्तमेढ रोवण्यापासून नवरी पाठवेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं आणि ती गायला लागल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. हिराबाई काळ्या वर्णाच्या, ताठ बसणाऱ्या, नजर अशी की पट्टी न लावता तुमची उंची सांगेल. घरात सायली, तिची काकू आणि आई रंजना. सायलीचे वडील मिठाचा ट्रक चालवायचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. रंजनाताई चहा देऊन लगेच आत गेल्या. मांडवात काम करत होत्या, पण विधीच्या कुठल्याही गोष्टीला हात लावत नव्हत्या. ते मला पहिल्या तासाभरातच दिसलं, कारण तांदळाचं सूप कोणीतरी त्यांच्यासमोर ठेवलं तर त्यांनी हात मागे घेऊन काकूला हाक मारली.

मग काकूने टोपी आणली.

इतकी वर्षं मी ज्या वळणाचा कागदावर पाठलाग करत होते ते माझ्यासमोर काकूच्या हातात होतं. बाहेरून पोचे, आतून मात्र हळदीचं जाड कवच, काठाशी पिवळं आणि टोकाकडे जात जात जुन्या पितळेसारखं तपकिरी. टोकाला मुळात जिथे लांब बोल्ट जायचा त्या भोकात हळकुंड खोचलेलं होतं. ते सैल केलं की धार लागते.

"लढाईच्या वक्ताला परलं," हिराबाई सांगू लागल्या. "माझी सासू बगत होती. खोकत खोकत आलं आनी खाडीच्या चिखलान शिरलं. आतला गोरा जिता होता. त्याला पेज दिली तर बोटांनी खाल्ली म्हनं."

"खोकत खोकत?" वसंतराव पुढे सरकले. "काळा धूर होता का?"

"सासूला इचारा," हिराबाई म्हणाल्या. सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली होती.

सैन्याची माणसं येऊन विमान घेऊन गेली. नाक मात्र चिखलात रुतून राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात बांध घालताना ते हिराबाईंच्या सासऱ्यांच्या फावड्याला लागलं. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीची हळद होती आणि सासऱ्यांना वाटलं, एवढं हलकं, देखणं जर्मनचं भांडं वाया का घालवायचं. अॅल्युमिनियमला इथे जर्मनच म्हणतात. तेव्हापासून पाड्यातली प्रत्येक नवरी आणि प्रत्येक नवरा तिच्याखाली बसतो. लेकी सासरी गेल्या तरी त्यांच्या मुलांच्या हळदीला ती मागवून नेतात. पार आगरदांड्यापर्यंत गेलेली आहे.

मी गोणपाट सोडलं आणि आमची टोपी पुढे ठेवली. अण्णांनी शिकवलेलं सगळं बोलले, मूळ भाग, इतिहास, बदल्यात नवी. हिराबाईंनी आमच्या टोपीवर टिचकी मारली.

"हिच्याखाली कोन बसलंय?"

"अजून कोणी नाही."

"मंग ही नुसती टोपी हाय."

पण मापं घ्यायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली. मला तेवढंही पुरेसं होतं. वळण मिळालं तर आमची चौथी टोपी नीट बसेल. दुपारभर मी पुठ्ठ्याचे साचे कापून टोपीच्या बाहेरच्या अंगाला लावत होते. रंजनाताई मधूनच येऊन बघून जायच्या. "माझ्या हळदीला हीच टांगली होती," एकदा त्या म्हणाल्या. मग काकूने हाक मारली आणि त्या गेल्या.

चार वाजता सगळ्या बाया बाजाराला गेल्या आणि दत्तामामा मला मिठागर दाखवायला घेऊन गेले. वाफ्यातलं मीठ लांब दांड्याच्या फळीने ओढायचं काम बघण्यात माझा तास गेला. परत आले तेव्हा वसंतराव ओसरीवर बसले होते, बाह्या सरसावलेल्या, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर समाधान. त्यांच्या मांडीवरची टोपी आतून आरशासारखी चमकत होती.

"जाडी मोजायची तर आतलं कवच काढायलाच हवं होतं, मॅडम," ते म्हणाले. "आणि हे बघा, आत कारखान्याचा शिक्का निघाला." शेजारी रॉकेलची वाटी होती आणि त्यांचं पांढरं फडकं पिवळंधमक झालं होतं.

विमानाच्या बाजूने बघितलं तर याच्याइतकं चांगलं काम कोणी केलं नसतं. तो शिक्का बघून मलाही क्षणभर आनंदच झाला, हे लपवत नाही. मग मागे बायांची चाहूल लागली.

काकू पायरीवर बसल्या. सायली टोपीत वाकून बघत राहिली. आमच्याकडे हळद म्हणजे आंब्याच्या पानाने लावायचं बोट आणि उरलेली मोरीत. इथे तसं नाही. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते हे आपल्यालाही माहीत आहे; चिंचखारात आधीच्या नवरीची उष्टी हळद पुढच्या नवरीला लागते, आणि ती या टोपीतून. म्हणून ती कधीच घासत नाहीत, नुसती विसळतात. सायलीच्या डोक्यावर उद्या जे पाणी पडायचं त्यात तिच्या आज्यांची, आत्यांची, आईची हळद असायची. ती सगळी आता वसंतरावांच्या फडक्यात रॉकेलसकट होती.

"मला काय माहीत," वसंतराव पुटपुटले. "मला वाटलं मळ." त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्यावर रागावताही येईना. लाडवांचा डबा उघडून त्यांनी सायलीपुढे धरला. तिने बिचारीने एक घेतलाही.

"काका, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली, पण लाडू हातातच राहिला. "हिराआजी, आता काय?"

हिराबाईंनी टोपी उचलून मांडीवर घेतली. "पाच हातांची हलद आनायची. हिच्याखाली बसलेल्या पाच जनींची. हातानं दिलेली पायजे, डब्यातली नाय. चार मी सांगतंय. या दोघांनी घासली, या दोघांनी आनायची."

"आणि पाचवी?" मी विचारलं.

"पाचवीचं मी बगतंय. उद्या दिवे लागायच्या आत परत या."

काकूने पहिली चिमूट तिथेच दिली, वसंतरावांकडे न बघता.

काशीद

सकाळी दत्तामामांचा टेम्पो आम्हाला घेऊन दक्षिणेकडे निघाला. दुसरी चिमूट तर किहीममध्येच होती. हिराबाईंनी सांगितलेली पाड्याची लेक म्हणजे आमच्या घरमालकीण सुलभाताईच निघाल्या. सगळी हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. "मालकांना फडकं देऊ नका हो हातात," त्या मला म्हणाल्या. मग देवापुढच्या करंड्यातली हळद स्वतःच्या तळहातावर घेऊन त्यांनी माझ्या कागदात सोडली. त्या वेळी मात्र हसत नव्हत्या.

काशीदच्या किनाऱ्यावर तिसरी, निर्मला, भज्यांची टपरी चालवते. रविवार असल्यामुळे मुंबईची मंडळी घोडागाडीत बसून फोटो काढत होती. निर्मलाचे दोन्ही हात पिठात होते. "थांबा, घाणा उतरवते," म्हणाली. वसंतराव तिच्या स्टोव्हकडे बघत होते. तो भकभक करत होता, ज्योत एकीकडेच जात होती. त्यांना राहवेना. घाणा उतरताच त्यांनी स्टोव्ह विझवून, पिन मारून, बर्नर सरळ केला. निळी ज्योत बघून निर्मलाने आम्हाला बसवलं आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची भजी पुढे ठेवली. तो कांदा गोड असतो, त्याची भजी इतर कांद्यासारखी घशात भांडत नाहीत. हात धुऊन, पदराला पुसून तिने हळद दिली. "माझ्या हळदीला पाऊस आला होता," ती सांगत होती, "मांडव गळत होता, टोपी गळत होती, नक्की कुठलं पाणी डोक्यावर पडलं माहीत नाही. पण संसार झाला चांगला." निघताना तिने वसंतरावांना पुडीत भजी बांधून दिली. कालपासून पहिल्यांदा त्यांची मान वर झाली.

आगरदांडा

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोट दिघीकडून येत होती आणि गाड्या रांगेत उभ्या होत्या. चौथी, पार्वतीबाई, धक्क्याजवळ सुकट वाळत घालत बसायच्या, असं सांगितलं होतं. त्या दिवशी नेमक्या पलीकडे दिघीला गेल्या होत्या. येतील, म्हणाले लोक. कधी, ते कोणाला माहीत नव्हतं. एक फेरी आली, त्यात नव्हत्या. वारा वाढला होता आणि पुढची फेरी सुटते की नाही यावर धक्क्यावर दोन तट पडले. दत्तामामा घड्याळ बघत होते. दिवेलागणीआधी चिंचखारला पोचायचं तर निघायला हवं होतं. आम्ही विमानासाठी दोन वर्षं एका नटाची वाट बघू शकतो, पण इथे एका मुलीची हळद थांबली होती.

वसंतराव माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. "मॅडम, मी आयुष्यभर जुनं ते साफ करत आलो," ते म्हणाले. "गंज काढायचा, रंग काढायचा, खालचा धातू दिसला की बरं वाटायचं. वरचा थर म्हणजेच वस्तू असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही."

मीही त्या टोपीत फक्त वळणच बघितलं होतं.

फेरी आली. टोपली डोक्यावर घेतलेल्या पार्वतीबाई सगळ्यात शेवटी उतरल्या, आणि त्यांना घाई काय असते ते ठाऊकच नव्हतं. हकीकत त्यांनी दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा शेजारणीसाठी. "घासली?" त्यांनी वसंतरावांना विचारलं. "व्हय," वसंतराव म्हणाले. नाशिकचा माणूस, पण त्यांच्या तोंडून आपसूक व्हय निघालं. "चांगलं झालं," पार्वतीबाई म्हणाल्या. "लई दिस तिच्यात जुनं साचलं होतं. पोरीला ताजी लागू दे." हळद त्यांनी घरातून आणली आणि माझ्या कागदात सोडण्याआधी कपाळाला लावली.

पुन्हा चिंचखार

पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मांडव भरला होता. मागच्या चुलाण्यावर वडे तळले जात होते आणि तळलेले वडे निथळायला आमची तिसरी टोपी लावलेली होती. तिच्या बोल्टच्या भोकातून तेल खालच्या पातेल्यात गळत होतं. वडे करणाऱ्या बाईने मला हसून सांगितलं, "ही याला बरी हाय." अण्णांना हे सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

खरी टोपी आढ्याला टांगली होती. तिच्याखाली पाटावर सायली, हिरव्या काठाच्या पिवळ्या साडीत. मी चारही पुड्या हिराबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी त्या परातीत ओतल्या, पाणी शिंपडलं आणि परात उचलून सरळ आतल्या दाराशी गेल्या. दाराआड रंजनाताई उभ्या होत्या.

"पाचवी घाल," हिराबाई म्हणाल्या.

रंजनाताईंनी हात पदरात ओढून घेतले. "मी कशी घालू? नको मावशी. पोरीचं शुभ आहे."

"हिराबाय, तसं नाय करत कोन," काकू हळूच म्हणाल्या. वाईट बाई नव्हती ती, घाबरली होती.

सायली पाटावरून उठली. "आईची नसेल तर मला नको," ती म्हणाली. "काल पुसली त्यात आईची होती. ती मला परत पाहिजे."

हिराबाई काकूकडे वळल्या. "हिच्या हलदीला धवला मी गायला. ही टोपीखाली बसलीली का नाय? बसलीली. मंग हिचा हात चालतंय. कोनला बोलवायचं ते धवलारीन ठरवतं." आणि त्यांनी गायला सुरुवात केली. शब्द मला सगळे कळले नाहीत. नवरीच्या आईला हळदीला बोलावणारं गाणं होतं आणि त्यात रंजनाताईंचं नाव दोनदा आलं. बाकीच्या बायांनी पहिली ओळ ऐकली, एकमेकींकडे बघितलं आणि दुसऱ्या ओळीला त्या गाण्यात शिरल्या. सगळ्यात शेवटी काकूही.

रंजनाताई दाराबाहेर आल्या. पाटाजवळच्या करंड्यातली हळद त्यांनी चिमटीत घेतली, परातीत सोडली, आणि सगळी एकत्र कालवली. दोन वर्षांत त्या हाताला शुभकार्याची हळद लागली नव्हती. मग स्टुलावर चढून त्यांनी टोपीच्या आत, अगदी तळाशी, भोकाभोवती हात फिरवून ती सारवली. घासून घासून वसंतरावांनी उघड्या केलेल्या धातूवर त्यांची पाच बोटं स्पष्ट उमटली. कारखान्याचा शिक्का त्याखाली गेला.

वरून पाणी ओतलं आणि हिराबाईंनी हळकुंड सैल केलं. पाणी आधी आईच्या बोटांवरून गेलं, मग लेकीच्या डोक्यावर आलं. सायली हसत होती आणि रडत होती, आणि खाली वाकून रंजनाताई तिचे गाल पिवळे करत होत्या. मी रडले. वसंतरावांनी सवयीने खिशात हात घातला, पण फडकं नव्हतं. ते धुऊन रंजनाताईंनी दोरीवर वाळत घातलं होतं. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

नाशिक

साच्यांवरून वसंतरावांनी चौथी टोपी केली. बुडाशी ती अशी बसली की मधून कागदाचा कपटाही जाईना. इंजिन सुरू करायच्या दिवशी अण्णांनी वाकून वाकून सगळं तपासलं आणि टोपी बसवण्याआधी आत टॉर्च मारला.

"वसंतराव, आत काहीतरी पिवळं लागलंय. पुसायचं राहिलं."

निघताना रंजनाताईंनी कागदात बांधून दिलेली ती हळद होती, लग्नातल्या परातीतली. "आधीचीची पुढचीला," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सकाळी सगळे यायच्या आत आम्ही दोघांनी ती लावली होती.

वसंतरावांनी खिशातून फडकं काढलं. ते कितीही धुतलं तरी आता पिवळंच राहिलं आहे. त्याने त्यांनी टोपीचा काठ पुसला, बाहेरचं अंग पुसलं, घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"ते राहू द्या," ते म्हणाले, आणि बोल्ट आवळायला घेतला.